जुन्या गाडीतली वीज: आधी परतीचा रस्ता तपासा

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर सरकतो, बंद केले की खाली येतो. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. शनिवारी रात्री व्यवस्थित चाललेली गाडी मंगळवारी सकाळी सेल्फला दादच देत नाही. पंधरा-वीस वर्षं वापरलेली मारुती ८००, झेन, सँट्रो किंवा इंडिका ज्यांच्या दारात आहे, किंवा ज्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी अजून जिवापाड जपली आहे, त्यांना यातलं एखादं लक्षण ओळखीचं वाटेल. असा बिघाड झाला की बऱ्याच गॅरेजमध्ये ठरलेल्या क्रमाने सुरुवात होते: आधी बॅटरी बदला, मग अल्टरनेटर, मग रिले, आणि शेवटी ‘सगळं वायरिंगच नवीन टाकावं लागेल’. एवढं करूनही पुष्कळदा बिघाड जागच्या जागी राहतो. माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीतला विजेचा विचित्र बिघाड बहुतेक वेळा सुट्या भागात नसतो, तो विजेच्या परतीच्या रस्त्यात असतो. आणि तो साध्या डिजिटल मल्टिमीटरने घरच्या घरी शोधता येतो.

परतीचा रस्ता म्हणजे अर्थिंग. गाडीतल्या बहुतेक दिव्यांना बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून एक वायर येते. निगेटिव्हला परत जायचं काम मात्र गाडीचा पत्रा करतो. बल्बचा होल्डर, हॉर्न, वायपरची मोटर, इंजिन या सगळ्यांतून निघालेली वीज पत्र्यातून फिरून बॅटरीच्या निगेटिव्हला पोहोचते. मेकॅनिकचं लक्ष सहसा येणाऱ्या वायरकडे असतं, कारण ती रंगीत असते आणि तिला फ्यूज असतो. पत्र्याला स्क्रूने आवळलेल्या काळ्या वायरकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. तिथे गंज चढतो, स्क्रू सैल होतो, आणि वीज दुसरी वाट शोधू लागते. नेहमीचा रस्ता खोदून ठेवला की रिक्षा जशा शेजारच्या गल्ल्यांत शिरतात, तशी ती नको त्या बल्बमधून आणि नको त्या वायरमधून उलटी जाते. विचित्र लक्षणं येतात ती इथून.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणण्याचंच उदाहरण घेऊ, कारण ते एकदा नीट समजलं की बाकीचे निम्मे बिघाड आपोआप उलगडतात. मागच्या लॅम्पमध्ये ब्रेकचं २१ वॉटचं आणि टेल लॅम्पचं ५ वॉटचं फिलामेंट सहसा एकाच बल्बात असतं. त्या दोघांचं आणि शेजारच्या इंडिकेटरचं अर्थिंग एकाच ठिकाणी असतं. ते तुटलं की ब्रेकच्या फिलामेंटमधून निघालेल्या विजेला घरी जायला वाट उरत नाही. मग ती इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, त्याच्या वायरने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाते आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगमधून उतरते. वाटेत दोन-तीन फिलामेंट लागल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला विजेचा थोडाच दाब, म्हणजे थोडेच व्होल्ट, येतात आणि सगळे मंद पेटतात. दिवे लावून ब्रेक दाबल्यावर त्या बाजूचा लॅम्प जास्त उजळण्याऐवजी विझत असेल, तर निदान जवळजवळ पक्कं समजा. खात्री करायला हातभर वायर पुरते. तिचं एक टोक लॅम्पच्या अर्थिंगच्या पट्टीला आणि दुसरं पत्र्यावरच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागेला टेकवा. लक्षण गेलं, तर बिघाड सापडला. फ्लॅशर, ब्रेकचा स्विच, इंडिकेटरचा दांडा यांपैकी काहीही विकत आणायची गरज नाही. मात्र त्याआधी बल्ब काढून बघा. दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये कोणी एका फिलामेंटचा बल्ब जबरदस्तीने बसवला असेल, तर त्याच्या बुडाचा एकच टिपका दोन्ही वायरींना जोडतो आणि अगदी अशीच लक्षणं दिसतात.

तापमानाच्या काट्याचं कारणही याच जातीचं. डॅशबोर्डचं किंवा इंजिनचं अर्थिंग कमजोर असलं की हेडलाइटसारखा मोठा भार सुरू होताच तिथला दाब हलतो आणि काटा त्या हललेल्या दाबाप्रमाणे चुकीचं दाखवतो. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम हलत असतील, तर दोन्ही सेन्सर एकाच दिवशी बिघडले असं मानू नका. दोघांना मिळून जे येतं, म्हणजे सामायिक वायर किंवा सामायिक अर्थिंग, ते तपासा. पण दिवे बंद असतानाही तापमानाचा काटा एकटाच चढत राहिला, तर तो खरं बोलतो आहे असं धरून गाडी थांबवा आणि इंजिन गार झाल्यावर पाणी बघा.

आता मोजणीकडे येऊ. बहुतेक लोक मल्टिमीटर घेतात आणि वायर अखंड आहे का, हे बीप वाजवून बघतात. या चाचणीवर फार विसंबू नका. केबलच्या शंभर तारांपैकी नव्याण्णव तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर बीप वाजवतं, कारण त्याच्या चाचणीची वीज अगदी नगण्य असते. सेल्फ मारताना मात्र त्याच केबलमधून शंभर अँपिअरहून जास्त वीज जावी लागते. तेव्हा त्या एका तारेचा काही उपयोग नसतो. म्हणून उपकरण चालू ठेवून, म्हणजे भार असताना, रस्त्यात किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. जुन्या गाडीसाठी याहून उपयोगी चाचणी मला माहीत नाही.

करायला ती सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. हेडलाइट लावा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबालाच टेकवा, त्यावर बसवलेल्या टर्मिनलला नाही. लाल टोक हेडलाइटच्या अर्थिंगच्या पिनला लावा. सगळं ठीक असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसतील. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर परतीच्या रस्त्यात अडथळा आहे. मग लाल टोक एकेक टप्पा बॅटरीकडे सरकवत आणा: अर्थिंगच्या वायरचं टोक, तो स्क्रू, शेजारचा पत्रा, बॅटरीची वायर जिथे पत्र्याला आवळली आहे ती जागा, आणि शेवटी बॅटरीचं टर्मिनल. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, त्या दोहोंमध्येच बिघाड आहे. पॉझिटिव्हच्या बाजूलाही तसंच: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबाला, दुसरं हेडलाइटच्या पॉझिटिव्ह पिनला.

गळती छोटी वाटते पण परिणाम मोठा असतो. नेहमीच्या ६०/५५ वॉटच्या दोन हेडलाइट डिपरवर असताना मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. सामायिक अर्थिंगमध्ये एक दशांश ओहमचा अडथळा असला, तरी ०.९ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. आणि बल्बला मिळणारे व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. घाटात रात्री ‘दिवे पडत नाहीत’ म्हणून जास्त वॉटचे बल्ब टाकणारे पुष्कळ आहेत. १००/९० वॉटच्या बल्बने त्याच जुन्या वायरीतून १५ अँपिअर ओढले जातात, होल्डर तपकिरी पडून वितळतो आणि स्विच जळतो. शिवाय तसे बल्ब नियमात बसत नाहीत. त्याऐवजी अर्थिंग घासा, आणि स्विचमधून थेट वीज जात असेल तर फ्यूज घातलेली जाड वायर बॅटरीपासून आणून रिले बसवून घ्या. मूळ बल्बच पुरेसा उजेड देतील.

इंजिनचं अर्थिंग वेगळं तपासावं लागतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते पत्र्याला विजेने आपोआप जोडलं जात नाही. त्यासाठी विणलेल्या तारांची एक पट्टी किंवा जाड केबल असते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती लावायची राहून जाते किंवा तेलकट बोल्टखाली आवळली जाते. मग सेल्फची एवढी मोठी वीज ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढते. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली किंवा वारंवार जाम होऊ लागली, तर केबल बदलत बसू नका. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्यात बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या धातूपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२-०.३ च्या वर आकडा गेला तर ती पट्टी संशयित. जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनला लावून पुन्हा सेल्फ मारा. इंजिन झटक्यात फिरलं तर शंका उरत नाही. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि कोणाचीही ओढणी, बाही किंवा हात पंख्याजवळ नाही, एवढं आधी बघा.

अर्थिंग बिघडण्याची आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. डेंटिंग-पेंटिंग हे त्यातलं एक. गाडी रंगवताना स्क्रूच्या जागाही रंगतात, आणि रंग वीज जाऊ देत नाही. पेंटिंग करून आणल्यावर दोन-चार महिन्यांत विजेच्या तक्रारी सुरू झाल्या, तर आधी तिथेच जा. दुसरं कारण किनारपट्टीची खारी हवा. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा पणजीकडे राहिलेल्या गाड्यांत तांब्याची तार पितळेच्या भांड्यासारखी कळकते, आणि तो हिरवट-काळा थर वायरच्या आवरणाच्या आत बोटभर शिरलेला असतो. वरून वायर नवी दिसते, टोक कापून सोललं की आत काळी. अशी वायर चकाकत्या तांब्यापर्यंत मागे कापा, नवा तुकडा जोडा, जोड नीट दाबून किंवा डाख लावून पक्का करा आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यातच ओला होतो. अर्थिंगचा स्क्रू काढल्यावर पत्रा आणि टोक दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा.

या सगळ्याच्या आधी बॅटरीची तब्येत बघायची, कारण कमजोर बॅटरीवर केलेली कुठलीही मोजणी दिशाभूल करते. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली उतरू नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ असावा. टर्मिनलवर पांढरट-निळसर पावडर साचली असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवा, फक्त ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम आहे. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा.

एक जुनी सवय मात्र कळकळीने सोडायला सांगतो. अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर उपटायची, ही डायनामोच्या काळातली चाचणी अजून काही ठिकाणी करतात. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक तुटली की व्होल्टेज क्षणात फार वर जातं. अल्टरनेटरचे डायोड, म्युझिक सिस्टीम आणि फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), काहीही जळू शकतं. मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी त्याला तसं करू देऊ नका. मीटर लावून इंजिन चालू असतानाचे व्होल्ट बघितले की तीच माहिती मिळते. चार्जिंगचा लाल दिवा बारीक पेटत राहत असेल, तर त्याचाही अर्थ असतो. त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर असतो, दोघांचे व्होल्ट सारखे झाले की तो विझतो. मंद पेटणं म्हणजे दोन्हीकडच्या व्होल्टमध्ये फरक राहिला आहे: एखादा डायोड गेला असेल, किंवा इग्निशन स्विचच्या वाटेत गळती असेल.

दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रार वेगळ्या रीतीने शोधतात. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि ती वायर व निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून जोडा. जुन्या साध्या गाडीत घड्याळ आणि म्युझिक सिस्टीमची मेमरी एवढंच चालू असतं, त्यामुळे ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असावा. सेंट्रल लॉकिंग किंवा ईसीएम असलेल्या गाडीत सगळं शांत व्हायला अर्धा तास थांबा. ३०० मिलिअँपिअर दिसले, तर ३५ अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. ती अर्धवट भरलेली असेल तर दोनच दिवसांत सेल्फ बंद. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर चोर आहे. डिकीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला दिवा झाकण लावल्यावरही विझत नसेल, तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवा आणि झाकण लावा, लगेच कळतं. एकही फ्यूज काढून आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, कारण गळका डायोड सहसा फ्यूजपेटीच्या वाटेत येत नाही. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नका. काम झालं की लाल पिन परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला. विसरलात आणि पुढच्या वेळी तसंच बॅटरीला लावलंत तर थेट शॉर्ट होईल.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. जिथे जो लिहिला आहे तोच. नवे फ्यूज उडवत बसण्यापेक्षा फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल आणि वायर जळू देणार नाही. मग एकेक कप्लर सोडा, वायरिंग हलवा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, तिथे हात थांबवा. जुन्या युरोपीय वळणाच्या गाड्यांत दोन निमुळत्या टोकांचे, पितळी पट्ट्यांत बसणारे चिनी मातीचे फ्यूज असतात. ते उडालेले नसतानाही टोकांवर थर बसून वीज अडवतात. त्यांना जागेवर फिरवून बघा आणि पट्ट्या घासा.

कधी येतो, कधी जातो असा बिघाड सगळ्यात चिवट. त्याला पकडायला वही हवी: पाऊस होता का, इंजिन गरम होतं का, खड्ड्यात गाडी आदळली का, स्टिअरिंग कुठे वळलं होतं, दार उघडं होतं का. वळताना हॉर्न वाजतो, कारण पुष्कळ गाड्यांत हॉर्नचं बटण फक्त अर्थिंग जोडायचं काम करतं, आणि स्टिअरिंगखालची झिजलेली वायर किंवा रिंग कॉलमला टेकली की बटण दाबल्यासारखंच होतं. दार किंवा डिकी उघडताना दिवा जातो, तेव्हा बिजागरीजवळच्या रबरी नळीत वाकून वाकून तुटलेली तार बघा. पावसातच येणारा बिघाड असेल तर पुढच्या काचेच्या रबराखाली आणि गालिच्याखाली हात घालून ओल चाचपा. आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर विसरू नका. बॉनेटच्या आत लेंड्या, कुरतडलेला कापूस किंवा सोललेली वायर दिसली, तर पुढचं शोधकाम तिथूनच सुरू करा.

नंतर बसवलेल्या गोष्टींकडेही कठोरपणे बघा: म्युझिक सिस्टीम, अलार्म, फॉग लॅम्प, रिव्हर्सचा गाणारा हॉर्न, सीएनजी किटची वायरिंग. घाईत चालत्या वायरीला ब्लेडने सोलून मारलेले जोड हे जुन्या गाडीतलं मोठं दुखणं आहे. वापरात नसलेलं सगळं मुळापासून काढून टाका.

एअरबॅगचे पिवळे कप्लर, एबीएस आणि ईसीएमच्या वायरी यांना मात्र टेस्ट लॅम्प लावू नका. ते काम स्कॅनर असलेल्या माणसाचं. प्लास्टिक जळल्याचा वास आला तर निदान नंतर, आधी निगेटिव्ह वायर सोडा. आणि इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर नवा भाग बसवण्याआधी त्याला विचारा: भार असताना किती व्होल्ट मिळाले, आणि अर्थिंगवर किती गळले? पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायला ती आरटीओत तपासणीसाठी न्यावी लागते. त्या तारखेची वाट न बघता, येत्या मृगाच्या आधी एखाद्या रविवारी इंजिनची अर्थिंगची पट्टी आणि मागच्या दोन्ही लॅम्पचे स्क्रू काढून, घासून, परत आवळून घ्या.